वरचं की खालचं

उजव्या हाताच्या मधल्या बोटातलं अंगुस्तान काढायचं, सदऱ्याच्या खिशात टाकायचं, ते बोट ओलीवर टेकवायचं आणि मग जिभेच्या टोकाला लावायचं. नंतर डोळे मिटायचे. इथवर आलं की आम्ही सगळे गप्प होत असू. मामा सावकाश डोळे उघडत आणि एकच शब्द बोलत. "वरचं." नाहीतर, "खालचं."

वरचं म्हणजे पावसाचं पाणी. खालचं म्हणजे तळ्याचं. नावेच्या केबिनमध्ये ओल आली की ती छतातून उतरली की तळातून चढली, याचा निकाल मामांची जीभ देत असे. ज्या जिभेने माणूस विठ्ठलाचं नाव घेतो त्याच जिभेने तळ्याचं पाणी चाटतो, याचं मला सुरुवातीला फार हसू यायचं. पुढे ते कमी झालं, कारण निकाल चुकत नसे.

मामा धंद्याने शिंपी. आता तुम्ही विचाराल, शिंप्याचा आणि नावेचा संबंध काय? बरोबर आहे. पण मग माझा तरी काय होता? आमचे पणजोबा घोडदळाबरोबर म्हैसुरात आले. त्यांची तलवार अजून घरात आहे आणि दसऱ्याला ती पुसायचं शौर्य माझ्याकडे आहे. त्या पणजोबांचा हा पणतू गावाच्या पश्चिमेच्या तळ्याकाठी एका सरदारांच्या बंगल्यावर कारकून होता. कोठीतली भांडी, तबेल्यातला चारा, अंगणातले नारळ, सगळ्यांवर माणसं नेमलेली होती. उरली नाव. ती कुणीच घेईना, म्हणून माझ्या गळ्यात पडली. मला पोहता येत नव्हतं हे मी कुणाला सांगितलं नाही.

नाव मोठी देखणी होती. मधोमध सागवानी केबिन, आत दोन बाक, त्यांवर हिरव्या मखमलीच्या गाद्या, आणि चारी बाजूंना बंद खिडक्या. खिडक्या बंद, कारण केबिन सरदारांच्या आईसाठी होती. त्यांना सगळे दोड्डम्मण्णी म्हणत. त्या गोशातल्या, परपुरुषाच्या नजरेला पडायच्या नाहीत. तरुणपणी पहाटेच्या काळोखात मेण्यातून जाऊन त्या चामुंडीचा डोंगर चढत. आता गुडघे राहिले नव्हते. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या नावेतून तळ्याच्या मध्यावर जात. तिथून डोंगर समोर दिसतो आणि पाण्यातही दिसतो. खिडकीची एक फळी बोटभर सरकवून त्या दोन्हींना हात जोडत. तेवढंच त्यांचं देवदर्शन उरलं होतं.

आणि त्या केबिनमध्ये पाणी यायचं. मखमल बुरशीने पांढरी पडायची. सुतार यायचा, तळाला राळ फासायचा, जायचा. आठ दिवसांत गादी पुन्हा ओली. अशा तीन गाद्या बदलल्यावर चौथीसाठी शिंपी बोलावला. ते मामा. गावातली निम्मी मराठी माणसं त्यांना मामाच म्हणायची. साठीचे, बुटके, गळ्यात तुळशीची माळ, कानावर खडू. त्यांनी गादीला हात लावला, उलटी केली, हुंगली.

"नोडी, बघा राव," ते मला म्हणाले, "गाद्या मी दहा शिवतो. पण पाण्याला ही जागा आवडली आहे. आधी त्याला विचारा ना, बाबा तू कुठलं?"

"ते सुताराचं काम."

"सुतार तळ बघतो. पाणी दिसतं तिथलं नसतं, राव."

हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. कापडाला डाग एका ठिकाणी पडतो आणि ओल दुसऱ्याच ठिकाणी उमटते, हे त्यांना धंद्यातून ठाऊक. त्यांनी आमच्या नावाड्याला, केंचय्याला, घागर घेऊन छतावर चढवलं आणि स्वतः केबिनमध्ये उताणे पडले. केंचय्या वरून पाणी ओतायचा आणि आतून मामांचा आवाज यायचा, "पुढं! अजून पुढं! थांब! स्वल्प मागं!" आत थेंब दिसला की तिथं खडूने गोल काढायचा आणि गोलात अक्षर घालायचं. वरच्याला 'व', खालच्याला 'ख'. त्यांना बाळबोध अक्षरं येत, तीही भजनाच्या वहीपुरती. संध्याकाळपर्यंत केबिनची पाटी झाली होती. शेवटी गुन्हेगार सापडला तो झेंड्याच्या काठीचा एक खिळा. तिथून पाणी आत शिरायचं, तुळईवरून चालत यायचं आणि चार हात लांब गादीवर उतरायचं. मामांनी खिळा उपटला, भोकात तेलराळेत भिजवलेला कापूस ठासला, वर कापडाचं ठिगळ चिकटवलं आणि म्हणाले, "आयतु." झालं. सुतार तीनदा हरला तिथं एक शिंपी जिंकला. बंगल्याच्या कारभाऱ्यांना हे आवडलं नाही, पण गादी कोरडी राहिली.

तेव्हापासून कुठं ओल दिसली की मामांना बोलावणं. बोलवायला मीच जायचो. एकदा माझ्या घरीही भिंत ओली दिसली. मी शेजाऱ्यांच्या न्हाणीघराला नावं ठेवत होतो. मामांनी अंगुस्तान काढलं, चव घेतली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, लोणच्याची बरणी तडकली बघा." फळीवर बरणी खरंच तडकली होती. बायकोने त्या दिवसापासून त्यांच्यासमोर कुठलंही भांडं झाकून ठेवायला सुरुवात केली.

पण या पाण्याच्या पंडिताला पाण्याची भीती वाटायची, आणि तीही थोडीथोडकी नाही. नाव धक्क्याला बांधलेली असली तरच ते आत पाय टाकत. तेवढ्यावरही भागायचं नाही. उपरण्याचं एक टोक कमरेला आणि एक टोक धक्क्याच्या खांबाला बांधून मगच पाऊल. फळीवरून जाताना तोंडाने "विठ्ठल, विठ्ठल". केंचय्या सरगूरकडचा, कपिला नदीवर हरिगोल, म्हणजे वेताची गोल टोपलीसारखी नाव, चालवत वाढलेला. त्याला हे बघून हसू आवरायचं नाही.

"चिप्पिगा," तो म्हणायचा. कानडीत शिंप्याला चिप्पिगा म्हणतात. "अरे, इथं गुडघाभर पाणी आहे."

"बुडायला गुडघा पुरतो, केंचण्णा. बुडताना माणूस आडवा होतो."

या उत्तरावर केंचय्याने वरून अर्धी घागर मामांवर ओतली होती. चुकून, असं त्याचं म्हणणं. मामांनी बोट ओल्या कपाळाला लावलं, चाखलं आणि म्हणाले, "हे मुद्दामचं." दोघांचं हे असंच चालायचं. कधी भांडायचे, कधी एकाच डब्यातली तंबाखू मळायचे, आणि एकाच वेळी दोन्हीही करायचे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती पुढं लागणार आहे. मामांची एकादशी निर्जळी. दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात नाही. मिसरूड फुटल्यापासून एकही चुकलेली नाही, हे ते कुणी न विचारता सांगत. एकदा नेमकी एकादशीलाच केबिनमध्ये ओल आली. मामा आले, ओलीसमोर मांडी घालून बसले, बघत राहिले आणि म्हणाले, "उद्या."

"मामा, एक थेंब तर चाखायचा."

"थेंब आणि घागर एकादशीला सारखंच, राव."

मग द्वादशीला, म्हणजे बारशीला, सकाळी उपास सोडल्यावर ते आले आणि निकाल दिला, "वरचं." कारभारी दिवसभर धुमसत होते. ते कानडीत धुमसायचे, मी इथं सगळ्यांचं मराठीत सांगतो आहे.

त्या साली उन्हाळा कडक पडला. बंद केबिनमध्ये दोड्डम्मण्णींचा जीव कासावीस व्हायचा. एका मंगळवारी तर दर्शन न होताच नाव परत आणावी लागली. खिडकी उघडायची सोय नाही आणि उघडली नाही तर वारा नाही. तेव्हा मामांच्या डोक्यातून वाळ्याचे पडदे निघाले. बाजारातून वाळ्याच्या जुड्या आणल्या, दोन पातळ कापडांच्या मध्ये त्या पसरल्या आणि गोधडीसारख्या चौकोनी टाक्यांनी शिवून टाकल्या. खिडक्यांच्या फळ्या काढल्या, तिथं आतून पडदे सोडले. निघण्याआधी केंचय्याने त्यांवर विहिरीचं पाणी मारायचं. तळ्याचं नाही, कारण त्याला शेवाळाचा वास. आत वारा थंड होऊन यायचा, वर वाळ्याचा सुगंध, आणि बाहेरून काही दिसायचं नाही. दोड्डम्मण्णींनी मामांना एक शेला पाठवला.

मामांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. शेला पांघरून ते भजनाला गेले आणि उकाड्यात घामाघूम होऊन परत आले. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये नेऊन पडद्याची खालची दुमड दाखवली.

"शिवण दिसते का बघा."

मी वाकून, मान वाकडी करून पाहिलं. दिसत नव्हती.

"नाहीच दिसणार. शिंप्याची शिवण दिसली तर तो शिंपी कसला?"

मी मान डोलवली. तुम्हीही डोलवली असती.

दीड-दोन महिने गेले. मध्ये वळवाच्या दोनचार सरीही येऊन गेल्या. मग एका शुक्रवारी दोड्डम्मण्णी दर्शनाला निघाल्या. तळ्याच्या मध्यावर त्या नेहमीप्रमाणे बाकावर टेकल्या, आणि बाकाचा मागचा पाय कर्रकन आत गेला. खालची फळी कुजून भुसा झाली होती. बाई तिरक्या झाल्या, कुंकवाचा चांदीचा करंडा घरंगळत कोपऱ्यात गेला. लागलं काही नाही, पण दर्शन चुकलं. केंचय्या जीव खाऊन वल्हवत धक्क्याला आला. बाईंच्या दासीने येऊन सांगितलं, बाई म्हणतात देवीनेच परत पाठवलं, आता पुन्हा नावेत बसणार नाही.

कारभाऱ्यांना दोषी हवा होता आणि तो समोरच धापा टाकत उभा होता. तळ कुजला म्हणजे तळात पाणी साचलं, साचलं म्हणजे उपसलं नाही, आणि उपसायचं काम केंचय्याचं. तीन वाक्यांत खटला संपला.

"स्वामी, दिना बेळिग्गे नीरु तेगितीनि," केंचय्या म्हणत होता. रोज सकाळी पाणी काढतो, स्वामी. चार वेळा म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मला माहीत होतं की तो काढतो. सकाळी कचेरीत जाताना मी त्याला वाकलेला रोज पाहायचो. पण पणजोबांची तलवार घरी होती आणि मी कारभाऱ्यांच्या समोर होतो. मी गप्प बसलो. बोलायला पाहिजे होतं.

केंचय्याची झोपडी बंगल्याच्या जागेवर, तळ्याला लागून. नोकरी गेली की झोपडी गेली. बायको वारलेली, सरगूरकडचं कुणी राहिलेलं नाही. साठी उलटलेल्या माणसाने कुठं जावं? त्याला वल्ह्याशिवाय दुसरं काही धरता येत नव्हतं. मी धीर करून एवढंच म्हणालो, "मामांना तरी विचारू. ते सांगतील पाणी कुठलं."

कारभारी म्हणाले, "विचारा. उद्या दुपारी मी पिरियापट्टणला निघतोय. त्याआधी सांगा. खालचं निघालं तर सूर्य मावळायच्या आत याने झोपडी सोडायची."

मी मामांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं, आणि जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की उद्या एकादशी.

सकाळी मामा आले. रोजच्यासारखं उपरणं खांबाला बांधलं, "विठ्ठल" म्हणत फळीवरून आत आले. केबिनच्या दाराशी कारभारी, त्यांच्यामागे केंचय्या. मामांनी बाक सरकवला. कुजलेल्या फळीकडे पाहिलं, मग मागची भिंत, मग पडद्याची दुमड. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"मामा, आज चाखू नका. 'वरचं' म्हणून मोकळे व्हा. वळवाचा पाऊस झालाय, सगळे मानतील. पावसाला कुणी कामावरून काढत नाही."

मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटला होता. चोर नाही, संन्यासी नाही, फाशीच नाही.

मामा हळूच म्हणाले, "वरचं म्हटलं तर छत उसवतील, राव. छताने काय केलं? आणि ओल इथंच राहील. पुढच्या खेपेला बाई तिरक्या नाही, सरळ खाली जातील."

मग त्यांनी अंगुस्तान काढलं.

"मामा, एकादशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोट फळीच्या भुशावर टेकवलं आणि जिभेला लावलं. ज्या माणसाने मिसरूड फुटल्यापासून एकादशीला एक थेंब घेतला नव्हता त्याने तो माझ्यासमोर घेतला. डोळे मिटले, आणि लवकर उघडले नाहीत.

"सांगा," कारभारी म्हणाले.

"वरचं नाही."

"म्हणजे खालचं!"

केंचय्या धक्क्यावर खालीच बसला.

"खालचंही नाही," मामा म्हणाले. "हे माझं."

कुणाला काही कळलं नाही. मामांनी पडद्याचं खालचं टोक धरून उलटं केलं. दुमड आतल्या बाजूला घेतली होती. पडद्यावर मारलेलं विहिरीचं पाणी झिरपत त्या दुमडीत साचायचं, तिथून बाकामागच्या भिंतीवर आणि भिंतीवरून बाकाच्या पायाशी. दीड-दोन महिने, दर फेरीला थोडं थोडं. "वाळ्याची चव आहे," ते म्हणाले. "विहिरीचं पाणी आणि वाळा. दुमड बाहेर घेतली असती तर पाणी तळ्यात पडलं असतं. बाहेर घेतली तर शिवण दिसते. म्हणून मी आत घेतली. सुम्ने, उगाच, दिसायला बरं म्हणून."

कारभारी गोंधळले. चिडायची तयारी पूर्ण होती आणि माणूस बदलला होता.

"मग आता काढायचं कुणाला?"

"मला काढा."

"तुम्हाला ठेवलंय कुठं?"

"मग आधी ठेवा, मग काढा," मामा शांतपणे म्हणाले.

मला हसू आलं. कारभाऱ्यांना आलं नाही. उद्यापासून बंगल्याचं शिवणकाम यांच्याकडे नाही, असं सांगून ते पिरियापट्टणला निघून गेले. दसऱ्याचे नोकरांचे अंगरखे, पागोट्यांच्या झालरी, पालखीचे पडदे, सगळं गेलं. मामांच्या घराचा निम्मा संसार त्यावर चालायचा. ते म्हणाले, "होगली." जाऊ दे. आणि पडदे काढून धक्क्यावर उन्हात बसले.

दिवसभर ते ती दुमड उसवत होते. टाका न् टाका. उसवून बाहेर घेतली, पुन्हा घातली, आता जाड दोऱ्याने, दिसेल अशी. दुपारी केंचय्या विहिरीचं गार पाणी तांब्यात घेऊन आला आणि त्यांच्यासमोर धरून उभा राहिला. एकादशी मोडलीच आहे तर प्या, असं त्याचं सरळ गणित.

"बेडा, केंचण्णा. नको. एक थेंब झाला. तेवढाच."

केंचय्या तांब्या धरून तसाच उभा राहिला. मग स्वतःही न पिता त्याने तो खाली ठेवला आणि मामांच्या डोक्यावर सावली पडेल असा बसला. दोघं न भांडता बसलेले मी तेव्हाच पाहिले. संध्याकाळी पडदे लावून झाल्यावर मामा बाकामागे वाकून खडूने काहीतरी खरडत होते. काय ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारस. सकाळीच मी मामांकडे गेलो, समाचाराला म्हणा. बसलोय तोच दारात केंचय्या. अंगात धुतलेला सदरा, हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी. उपास सोडायला आपल्याकडचं सगळ्यात चांगलं काय द्यावं, याचा त्याने रात्रभर विचार केला असावा. त्याने पुरचुंडी दोन्ही हातांनी पुढं केली. मामांनी सोडली. आत दोन मासे, अजून शेपट्या हलवणारे.

माळकऱ्याच्या घरात, बारशीला, मासे! आतून मामी बाहेर आल्या, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून तशाच आत गेल्या. मी डोळे घट्ट मिटून घेतले. मामांनी माशांकडे पाहिलं, केंचय्याकडे पाहिलं, अंगुस्तान नसलेलं बोट हवेत धरलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हे खालचं."

मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. केंचय्याला काय चुकलं ते कळेना, पण तोही हसला. मामांनी पुरचुंडी कपाळाला लावून घेतली, आणि तो गेल्यावर माझ्या हातात दिली. "राव, तुम्ही फौजेचे. तुम्हाला चालतं." मासे माझ्या घरी शिजले. त्यांची चव मला अजून आठवते.

दोड्डम्मण्णींच्या कानावर सगळं गेलंच. कुजलेली फळी बदलून झाली आणि पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा नावेत बसल्या. केबिनमध्ये शिरताना त्यांनी दुमडीवरून बोट फिरवलं, असं दासीने मला सांगितलं, आणि म्हणाल्या, "असू दे. दिसू दे." कारभाऱ्यांचा हुकूम त्यांनी मोडला नाही. फक्त नवरात्राआधी घरच्या देवीची वस्त्रं शिवायला मामांकडे पाठवली. बंगल्याचं काम द्यायचं नाही असा हुकूम होता. देवीचं द्यायचं नाही असा नव्हता. कारभारी देवीशी वाद घालू शकले नाहीत.

मामांनी एकादशीचा हिशेब मात्र नव्याने सुरू केला. "जुन्या सगळ्या गेल्या, राव. आता पहिलीपासून." साठीनंतर माणूस पहिलीपासून मोजायला लागतो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही! भेटले की विचारावं, "किती झाल्या?" आणि त्यांनी सांगावं. एकवीस. चौतीस. साठ. "शंभर झाल्या की तुम्हाला आणि केंचण्णाला होळिगे." आमच्याकडे पुरणपोळीला होळिगे म्हणतात. शेवटचं भेटले तेव्हा सत्त्याऐंशी झाल्या होत्या. होळिगे राहिल्या. त्या थंडीत मामा गेले.

नंतर दोड्डम्मण्णीही गेल्या आणि नाव धक्क्यावर नुसती उभी राहिली. शेवटी ती मोडून लाकूड वाटलं. नवे कारभारी केंचय्याला म्हणाले, तुला काय हवं ते घे. त्याने एकच फळी मागितली, बाकामागची. सरपणाला असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

दसऱ्याच्या आधीच्या पावसात एकदा मी त्याच्या झोपडीत अडकलो. झोपडी सात ठिकाणी गळत होती. आयुष्यभर दुसऱ्यांची नाव कोरडी ठेवणाऱ्याच्या घरात प्रत्येक थेंबाखाली एकेक मडकं मांडलेलं. केंचय्याला आता नीट दिसत नव्हतं. आवाजावरून तो मडकं सरकवायचा. एकच कोपरा कोरडा होता. तो स्वतः तिथं बसला नव्हता. तिथं ती फळी उभी करून ठेवली होती.

"वाचा," तो म्हणाला. "चिप्पिगाने काय लिहिलंय? केबिन रोज पुसली, पण तेवढ्या जागेवर फडकं लावलं नाही."

मी वाकलो. खडूचा गोल. गोलात 'व' नव्हता, 'ख' नव्हता. मामांच्या भजनाच्या वहीतल्या मोठ्या अक्षरात 'माझं' लिहिलं होतं. एक कानाही पुसला नव्हता. म्हणजे इतक्या वर्षांत तिथं पुन्हा पाणी आलं नव्हतं. मामांनी घातलेली शेवटची दुमड शेवटपर्यंत टिकली होती.

मी केंचय्याला वाचून दाखवलं. माझे डोळे भरून आले आणि एक थेंब टपकन माझ्या पुढ्यातल्या सारवणावर पडला.

केंचय्याने कान टवकारले. नवी जागा गळायला लागली असं त्याला वाटलं. चाचपडत त्याने एक मडकं उचललं आणि माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

"राहू दे, केंचय्या," मी म्हणालो. "हे वरचं नाही."